हमाली लिहिलीच नसेल तर? एक्सएमएल फाइल वाचण्याची फंक्शनल रीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. पोती किती, वजन किती, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात काय राहिलं, सगळं त्या एका कागदावर. वर्षभराचे कष्ट शेवटी तिथं उतरतात, म्हणून शेतकरी ती पट्टी घडी घालून खिशात ठेवण्याआधी दोनदा वाचतो. बऱ्याच दुकानांत पट्टी आता संगणकावर होते आणि दिवसाच्या सगळ्या पट्ट्या एका एक्सएमएल फाइलीत (मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण, म्हणजे टॅग, लावून ठेवणाऱ्या फाइलीत) निघून हिशोबाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जातात. त्या फाइली वाचणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं रोजचं काम.

एक पट्टी फाइलीत कशी दिसते ते आधी बघू.

<पट्टी क्रमांक="१८७">
  <खाते>४१२</खाते>
  <माल>
    <ओळ प्रत="हळकुंड" पोती="१२" वजन="६.१०" दर="१४२५०"/>
    <ओळ प्रत="गड्डा" पोती="५" वजन="२.५५" दर="१२६००"/>
  </माल>
  <कपात>
    <तोलाई>५१</तोलाई>
  </कपात>
</पट्टी>

टॅगची नावं देवनागरीत बघून कुणाला वाटेल की मी समजावण्यापुरती ती मराठीत लिहिली. तसं नाही. एक्सएमएलचं प्रमाण फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं तेव्हापासून टॅगला देवनागरी नाव चालतं. वरची फाइल नियमात बसते, कुठलाही सरळ पार्सर (अशी फाइल वाचणारा प्रोग्रॅम) ती वाचेल.

आता हिशोब. हळकुंड ६.१० क्विंटल, दर १४,२५०, झाले ८६,९२५. गड्ड्याचे ३२,१३०. एकूण १,१९,०५५. त्यातून तोलाईचे ५१ वजा. आणि हमाली? हमालीची ओळच नाही.

मी सुरुवातीला लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हमाली सापडली नाही की शून्य धरली जायची. महिनाअखेर हमालांच्या टोळीला द्यायची रक्कम काढली तर ती मुकादमाच्या वहीशी जुळेना. वही बरोबर होती. आम्ही दोघातिघांनी कागदाच्या पट्ट्या काढून हातानं पडताळल्या, तेव्हा कळलं की काही पट्ट्यांत हमाली खरोखर नव्हती आणि काहींत ती लिहायची राहून गेली होती. प्रोग्रॅमला दोन्ही सारखीच दिसली. पोती पाठीवर वाहिलेल्या माणसांच्या मजुरीचा तो प्रश्न होता, त्यामुळे ती चूक मी विसरलेलो नाही. फंक्शनल प्रोग्रॅमिंगकडे, म्हणजे बाहेरचं काही न बदलता फक्त दिलेल्यावरून उत्तर काढणाऱ्या लहान फंक्शनांतून प्रोग्रॅम उभा करण्याच्या रीतीकडे, मी खऱ्या अर्थानं वळलो तो तिथून. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: फाइलीतली शंका दारातच मिटवायची, आत येऊ द्यायची नाही. फंक्शनल भाषांत हे नीट कसं जमतं ते बघू.

एक्सएमएल वाचणं म्हणजे एकामागून एक दोन कामं, आणि बहुतेकांचा गोंधळ ती एकच समजल्यानं होतो. पहिलं काम अक्षरांचं झाड करणं. पट्टी हे खोड, माल आणि कपात या फांद्या, ओळी ही पानं. दुसरं काम त्या झाडातून आपल्या उपयोगाची वस्तू घडवणं. आपल्याला झाड नको असतं, ‘पट्टी’ हवी असते. पहिलं काम लायब्ररी (आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला कोड) करते आणि ते तिलाच करू द्यावं. टॅग शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरं जुळवून शोधायचा साचा) लिहून वेळ भागवणारे मी पुष्कळ पाहिले. गुणधर्मांचा (टॅगच्या आत लिहिलेल्या प्रत, वजन, दर वगैरेंचा) क्रम बदलला, दुहेरी अवतरणाच्या जागी एकेरी आलं, टॅगमध्ये त्याच नावाचा टॅग आला, की ते कोलमडतं. दुसरं काम मात्र आपलं, आणि सगळी गंमत तिथं आहे.

झाड हा आकार फंक्शनल भाषांच्या हाताशी बसतो, कारण त्याची व्याख्या स्वतःतच गुंफलेली असते: नोड म्हणजे एकतर मजकूर, नाहीतर एक टॅग, त्याचे गुणधर्म आणि पोटातल्या नोडची यादी. बस. क्लोजरमध्ये हे झाड साधा मॅप, म्हणजे नाव आणि त्यापुढची वस्तू अशा जोड्या, म्हणून हातात येतं. टॅग, गुणधर्म, आतला मजकूर अशा तीन नावांचा. स्कीममध्ये त्याची नेस्टेड यादी होते. हॅस्केल, ओकॅमल, एफ शार्प यांत त्याला स्वतःचा टाइप (वस्तूत काय काय असू शकतं याची व्याख्या) असतो. एक खाचखळगा इथंच सांगतो. वरच्या ‘माल’ टॅगच्या पोटात किती नोड आहेत? दोन ओळी दिसतात म्हणून दोन म्हणाल, पण आहेत पाच. पहिल्या ओळीच्या आधीची मोकळी जागा, दोन ओळींमधली आणि शेवटची, अशा तीन मोकळ्या जागाही मजकूर म्हणून मोजल्या जातात. ‘पहिलं पोर (पोटातला नोड) घे’ असं लिहिणाऱ्याच्या हाती नुसती मोकळी जागा लागते.

झाडातून हवं ते काढायची एक जुनी आणि सुंदर रीत चाळणीची आहे. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात माल्कम वॉलेस आणि कॉलिन रन्सिमन यांनी हॅस्केलसाठी एक्सएमएलची लायब्ररी मांडली, तिच्या गाभ्याशी ही कल्पना होती. प्रत्येक चाळण म्हणजे एक फंक्शन. एक नोड आत टाकायचा, बाहेर नोडची यादी येते. काही सापडलं नाही तर यादी रिकामी, एक सापडलं तर एकाची, पाच सापडले तर पाचांची. ‘सापडलं नाही’साठी वेगळी खूण, वेगळी तपासणी लागत नाही. आणि प्रत्येक चाळणीचं तोंड-बूड सारखंच असल्यामुळे एका चाळणीखाली दुसरी बिनधास्त लावता येते: ‘माल’ची चाळण, तिच्याखाली ‘ओळ’ची, तिच्याखाली प्रत हळकुंड असेल तेच ठेवणारी. ज्यानं हळदीची प्रतवारी होताना पाहिली आहे, मोठ्या भोकाच्या जाळीखाली बारीक भोकाची, त्याला याचं आणखी स्पष्टीकरण लागू नये.

शोधायला, निवडायला, एका एक्सएमएलचं दुसरं एक्सएमएल करायला ही रीत उत्तम. पण आमच्या हमालीचं काम ती करत नाही. रिकामी यादी आली, म्हणजे नक्की काय झालं? माफ होती की राहिली? चाळणीला ते सांगता येत नाही. ‘नाही’ या एकाच शब्दात तिनं दोन्ही गुंडाळलेलं असतं.

म्हणून उलट्या टोकापासून सुरुवात करायची. फाइलीत काय आहे ते बाजूला ठेवा. आधी ठरवा की आपल्याला काय हवं आहे, आणि ते टाइपमध्ये लिहून काढा. मी पट्टीचा टाइप साधारण असा लिहितो:

पट्टी =
  क्रमांक : पूर्णांक
  खाते : पूर्णांक
  ओळी : ओळींची यादी, किमान एक
  तोलाई : रक्कम
  हमाली : लागू (रक्कम) | माफ | नमूद नाही

शेवटची ओळ निवांत बघा. फंक्शनल भाषांत टाइप दोन तऱ्हांनी घडतात. ‘हे आणि ते’ ही एक तऱ्हा: पट्टीत क्रमांक आणि खाते आणि ओळी, सगळंच. दुसरी तऱ्हा ‘हे किंवा ते’: हमाली एकतर लागू, किंवा माफ, किंवा नमूद नाही, एका वेळी एकच. रोजच्या बऱ्याच भाषांत पहिली तऱ्हा सोपी असते आणि दुसरी ओढूनताणून आणावी लागते, म्हणून माणूस शून्य, उणे एक, रिकामी अक्षरं अशा खुणांवर भागवतो. इथं तिन्ही शक्यतांना आपापलं नाव मिळतं. पुढं कुणीही हमालीची बेरीज करायला बसला की कंपायलर (कोड चालण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) विचारतो, नमूद नसेल तेव्हा काय करायचं? (काही भाषांत हे विचारणं इशाऱ्यापुरतं असतं. तो इशारा चूक म्हणूनच धरायला कंपायलरला सांगून ठेवावं.) उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मुकादमाच्या वहीशी न जुळलेला तो महिना या एका ओळीनं वाचला असता.

हाच विचार पैशांच्या दिशेलाही लावा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या एक्सएमएलमध्ये नावे पडलेली रक्कम उणे चिन्हानं येते आणि तारीख वर्ष-महिना-दिवस असे आठ अंक सलग लिहून. ती उणे रक्कम प्रोग्रॅमभर तशीच फिरवली तर कुठंतरी कुणीतरी तिची चुकीच्या बाजूनं बेरीज करणार. दारातच तिचं ‘नावे (रक्कम)’ किंवा ‘जमा (रक्कम)’ असं करून टाकलं की आत उणे चिन्ह उरतच नाही. आपल्या दिवाणजींच्या वहीत शेकडो वर्षं हेच दोन रकाने आहेत.

टाइप ठरला, आता झाडातून तो भरणारी फंक्शनं. यांना मी वाचक म्हणतो. वाचक म्हणजे असं फंक्शन, ज्याला नोड दिला की तो एकतर हवी ती वस्तू देतो किंवा काय चुकलं ते सांगतो. सगळ्यात लहान वाचक एका गुणधर्माचा: ‘दर’ घे, त्याची रक्कम कर. असे चार लहान वाचक जोडले की ओळीचा वाचक होतो. ‘हा वाचक प्रत्येक पोरावर चालव’ म्हटलं की ओळींच्या यादीचा होतो. ते सगळे जोडले की पट्टीचा. मोठ्या वाचकात नवीन युक्ती काहीच नसते, फक्त जोडणी असते. एकेक लहान वाचक वेगळा तपासता येतो, कारण तो बाहेरचं काही बघत नाही, कशातही बदल करत नाही. तोच नोड दिला की तेच उत्तर.

अगदी लहान वाचकातही आपल्याकडचे प्रश्न असतात. वरच्या फाइलीत दर ‘१४२५०’ असा देवनागरी अंकांत आहे. पायथनचं पूर्णांक करणारं फंक्शन तो बिनतक्रार वाचतं. जावास्क्रिप्टचं वाचत नाही, हॅस्केलचा नेहमीचा अंकवाचकही नाही. त्यांच्या लेखी अंक म्हणजे इंग्रजी अंक. कुणी ‘१,१९,०५५’ असा लाखाचा स्वल्पविराम टाकला तर आणखी वेगळं. म्हणून रकमेचा आपला एकच वाचक लिहावा, त्यात अंकांचं रूपांतर करावं, स्वल्पविराम काढावा, आणि ६.१० ही संख्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या टाइपमध्ये) न घेता दशांश टाइपमध्ये घ्यावी, म्हणजे हजार पट्ट्यांच्या बेरजेत पैसे गळत नाहीत. हे एकदा, एका जागी केलं की बाकी प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘ऱ’ची गोष्टही इथंच सांगायला हवी, कारण ती मराठी माणसालाच भेटते. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाणात) दोन रीतींनी लिहिता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही एकच. एक्सएमएल मात्र टॅगची नावं संकेतांक जुळवून बघतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ते दोन वेगळे टॅग. सुरुवातीचा टॅग एका रीतीनं आणि शेवटचा दुसऱ्या रीतीनं लिहिला गेला तर अख्खी फाइल अवैध ठरते, आणि स्क्रीनकडे बघून चूक कितीही शोधली तरी दिसत नाही. टॅगच्या नावात ऱ टाळावा असं माझं मत आहे. गुणधर्मांतला आणि टॅगमधला मजकूर वाचताना तो एका ठरलेल्या रूपात आणून घ्यावा.

वाचक जोडायच्या रीती दोन आहेत आणि त्यांतला फरक पुस्तकांतल्या अवघड नावांमुळे उगाच भीतिदायक वाटतो. पहिलीत दुसरा वाचक कोणता चालवायचा हे पहिल्याचं उत्तर आल्यावर ठरतं. माल बेदाणा असेल तर पोती नाहीत, बॉक्स. दर क्विंटलवर नाही, किलोवर. तेव्हा आधी माल कोणता ते वाचायलाच हवं. याला मोनॅडिक जोडणी म्हणतात. दुसऱ्या रीतीत वाचक एकमेकांवर अवलंबून नसतात: वजन काय आहे यावर दर वाचायचा की नाही हे ठरत नाही. ही अॅप्लिकेटिव्ह जोडणी. फायदा काय? पहिल्या रीतीत एक वाचक चुकला की तिथंच थांबावं लागतं. दुसरीत सगळे वाचक चालवून सगळ्या चुका गोळा करता येतात. दुकानातल्या माणसाला एक चूक दाखवायची, त्यानं ती दुरुस्त करून फाइल पुन्हा पाठवायची, मग दुसरी दाखवायची, हा छळ आहे. सौद्याच्या दिवशी तर फारच. म्हणून जिथं अवलंबून नाही तिथं दुसरी रीत वापरावी, आणि प्रत्येक वाचकानं चुकीसोबत आपला पत्ताही द्यावा: ‘पट्टी १८७, माल, ओळ २, दर: अंक नाही’. पत्ता जमवणं सोपं असतं; आतला वाचक चुकला की बाहेरचा त्याच्यापुढं आपलं नाव जोडतो.

टाइप हातानं न लिहिता स्कीमावरून (फाइलीत काय काय असायला हवं हे सांगणाऱ्या नियमपत्रकावरून) आपोआप करून घ्यायचीही वाट आहे. यॉर्कच्या त्याच लायब्ररीत डीटीडीवरून (स्कीमाचा जुना प्रकार) हॅस्केलचे टाइप तयार करणारं साधन होतं, आणि एफ शार्पमध्ये नमुन्याची फाइल दिली की तिच्यावरून टाइप ओळखणारा प्रोव्हायडर मिळतो. सरकारी किंवा बँकेच्या मोठ्या, नीट स्कीमा असलेल्या फाइलींना हे जरूर वापरा. पण नमुन्याच्या फाइलीत प्रत्येक पट्टीला हमाली असली, तर तयार होणाऱ्या टाइपला हमाली नसण्याची कल्पनाच नसते. आणि स्कीमावरून केलेला टाइप फाइलीच्या आकाराचा असतो, आपल्या कामाच्या आकाराचा नाही. ‘माफ’ आणि ‘नमूद नाही’ हा फरक कुठल्याच नमुन्यातून आपोआप निघत नाही, तो दुकानात उभं राहूनच कळतो.

आता मोठ्या फाइलींचं. एका दिवसाच्या पट्ट्यांचं झाड मेमरीत सहज मावतं. अख्ख्या हंगामाची, कित्येक वर्षांची फाइल असेल तर झाड मूळ फाइलीच्या अनेक पट जागा खातं. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत ठेवत. पेव उघडलं म्हणून सगळी हळद एकदम अंगणात कुणी ओतत नसे, थोडी थोडी वर काढून पोत्यांत भरायची. फाइलीचंही तसंच करता येतं. पार्सर झाड न करता नुसत्या घटना सांगत जातो: टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला. या पद्धतीचं सॅक्स नावाचं प्रमाणही १९९८ चंच. पण त्याच्या नेहमीच्या वापरात प्रत्येक घटनेला बाहेरचे व्हेरिएबल बदलत राहावे लागतात आणि आपण झाडात कुठं आहोत याचं भान स्वतःच ठेवावं लागतं. फंक्शनल रीतीत हेच काम फोल्डनं होतं. एक बीज हातात घ्यायचं, प्रत्येक घटनेला जुनं बीज देऊन नवं घ्यायचं, शेवटी जे उरेल ते उत्तर. यादीची बेरीज करताना आपण जे करतो तेच. ओलेग किसेल्यॉव यांनी स्कीमसाठी लिहिलेला एसएसएएक्स हा पार्सर याच कल्पनेवर उभा आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे.

रोजच्या कामात मी दोन्ही मिसळतो. घटना वाचत ‘पट्टी’ टॅग उघडेपर्यंत जायचं, त्या एका पट्टीपुरतं झाड करायचं, त्यावर आपला वाचक चालवायचा, पट्टी पुढं द्यायची आणि झाड सोडून द्यायचं. मग दुसरी. मेमरीत एका वेळी एकच पट्टी, आणि वाचक तेच जे लहान फाइलीसाठी लिहिले होते. यात एक जोखीम आहे आणि ती लक्षात ठेवावीच लागते: फाइल शेवटपर्यंत धड आहे की अर्धवट तुटली आहे हे शेवटी पोहोचल्यावरच कळतं. तोवर हजार पट्ट्या पुढं गेलेल्या असतात. म्हणून पैसे जमा करणं, खात्यावर टाकणं हे फाइल संपून ‘ठीक’ असं उत्तर आल्याशिवाय करायचं नाही. तोपर्यंत त्या पट्ट्या कच्च्या खात्यात.

सुरुवातीची पट्टी नव्या वाचकातून गेली तेव्हा तिनं ‘पट्टी १८७, कपात, हमाली: नमूद नाही’ अशी ओळ दिली. आणखी दोन पट्ट्यांची तशीच ओळ होती. तिन्ही ओळी छापून दुकानात पाठवल्या. थोड्या वेळानं दिवाणजींचा फोन आला. “अहो, त्या दोघींची लिहायची राहिलीय, आत्ता भरून देतो. पण एकशे सत्त्याऐंशीची न्हवतीच हो. पोरं घरनंच आणलेली त्यांनी, पोती स्वतःच उतरवली. मग तिथं काय लिहू?”

फाइलीत ‘माफ’ लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये हमालीच्या रकान्याशेजारी एक चौकोन टाकला, आणि पट्टी १८७ पुन्हा निघाली तेव्हा तिच्या कपातीत एक ओळ जास्त होती:

<हमाली माफ="होय"/>